दारावरचा माणूस

आषाढात आमच्याकडे कपडे सुकत नाहीत. माझं सगळं आयुष्य कर्जतला गेलं, त्यामुळे दमट कपड्यांचा तो कोंदट वास मला वर्षाच्या वर्षाला येणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. लहानपणी आई निखाऱ्यांवर बांबूची डालगी उपडी घालून तिच्यावर आमचे परकर वाळवायची. त्यांना धुराचा वास यायचा आणि शाळेत सगळ्याच मुलींच्या अंगाला तो यायचा, म्हणून कुणाला काही वाटत नसे. तर सांगायचं असं, की त्या आषाढात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या, वाडीतल्या भागूबाईची गोधडी एका दुपारीत खडखडीत वाळली, तेव्हा आम्हा दोघींनाही आधी आनंदच झाला.

"बाई, तुमचा डबा लय गुनाचा हाय," ती म्हणाली. "यंदा मी घरात दोरीच बांधायची नाय. म्हातारा म्हनतो, तुज्या लुगड्यांतून वाकून वाकून माजी पाठ गेली."

डबा म्हणजे आमचा कंटेनर. पळसदरीला, खोपोलीकडे जाणाऱ्या रुळांच्या अलीकडे, आमची थोडी जागा आहे. आजूबाजूला फार्महाऊसं झाली आणि त्यांच्या मालकांनी जहाजांवरचे जुने कंटेनर आणून त्यांच्या खोल्या केल्या. खिडक्या कापायच्या, रंग द्यायचा, पुढे कुंड्या ठेवायच्या. मीही एक आणवला. त्यात मला माझ्या मुलाच्या, अनुपमच्या नावानं वाचनालय काढायचं होतं. वाडीतल्या मुलांना बसायला कोरडी जागा मिळेल, एवढाच विचार होता.

गोधडी वाळली होती ती डब्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला टेकून. तिकडे ऊन येत नाही. आठवडाभर तर कुठेच ऊन नव्हतं.

अनुपम बंदराच्या अग्निशमन दलात होता. त्याला मी उशिरा झाले होते, असं तो म्हणायचा. म्हणजे तो मला उशिरा झाला होता, पण उलटं सांगून हसायची त्याची पद्धत होती. लग्नाचं टाळत राहिला. सुट्टीला आला की ओट्याशी उभा राहून कामाच्या गोष्टी सांगायचा. मला त्यातलं बरंचसं आजही तोंडपाठ आहे.

"आई, इमारतीला खिडक्या असतात. जहाजाला नसतात. आग खाली तळघरात, आणि आपण वरून उतरायचं. ज्या जिन्यानं आपण खाली जातो त्याच जिन्यानं धूर वर येतो. धुराड्यातून उतरल्यासारखं."

आणि लोखंडाची गोष्ट. लोखंड स्वतः जळत नाही, पण आग पलीकडे पोचवतं. इकडच्या खोलीत जाळ असला तर तिकडच्या कोऱ्या भिंतीचा रंग फोड आल्यासारखा फुगतो. म्हणून बंद दार दिसलं की आधी हात लावून बघायचं, तोही उलटा. तळहात भाजला तर दोर धरता येत नाही, शिडी धरता येत नाही. त्याला ती सवयच लागली होती. घरी आला तरी बेल वाजवायचा नाही. आधी उलटा हात दाराला, मग बोटांच्या पेरांनी तीन ठोके.

"आमच्या घराला आग लागलीय का रे?" मी आतून विचारायची.

"अजून नाही. उघड."

तीन ठोके ही त्यांची खूण होती. तोंडावर मुखवटा असतो, धुरात हाक पोचत नाही, म्हणून लोखंडावर ठोकायचं. तीन म्हणजे, दार उघडा.

दुसरा नियम बिल्ल्याचा. आत जाणाऱ्यानं आपल्या नावाचा पितळी बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा. बाहेर आला की परत घ्यायचा. दारावरच्या माणसाच्या हातात एक जरी बिल्ला असला, तरी दार बंद करायचं नाही. अनुपम सुट्टीला आला की तो बिल्ला मी चिंचेनं घासून द्यायची. त्याच्या मागच्या बाजूला त्यानं खिळ्यानं एक लहानसा मासा कोरला होता.

ज्या दिवशी अनुपम गेला, त्या दिवशी दारावरचा माणूस सुनील होता.

सुनील खालापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. पावसाळ्यात त्याच्या गावाहून यायला फार हाल व्हायचे, म्हणून आठवीपासून आमच्याकडेच राहिला. दोघं एका बाकावर, एका ताटात. मी शाळेत विज्ञान शिकवायची. जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालून ती विझताना दाखवायची. वर्ग टाळ्या वाजवायचा. सुनील एकदा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पेल्यात मुंगी असली तर?" पोरं हसली. पण त्यानंतर मी पेला घालण्याआधी तो पुढे येऊन, वाकून, टेबल नीट बघून जायचा. असा मुलगा. दोघं एकाच भरतीत लागले तेव्हा मी पेढे वाटले, ते दोघांच्या नावानं.

त्या दिवशी पेटलेल्या जहाजावर कापडाच्या गाठी आहेत असं कागदावर लिहिलं होतं. त्या गाठी नव्हत्या. पाणी पडलं की जास्तच पेटणारं काहीतरी होतं आणि ते ज्यांना माहीत होतं ते धक्क्यावर उभे होते. कुणी बोललं नाही. शेवटी तळघराचं झाकण लावून आत वायू सोडला. कार्बन डायऑक्साइड. मी जन्मभर शिकवला तो. आग विझली.

सुनील घरी आला होता. ओट्याशी, अनुपम उभा राहायचा तिथेच उभा राहून त्यानं सांगितलं होतं. "बाई, तो वर आला होता. माझ्याकडून बिल्ला परत घेतला. मग आमची नजर चुकवून पुन्हा उतरला. का ते देवाला ठाऊक. आतून काही खूण नाही, काही आवाज नाही. मग साहेबांनी झाकण लावायला सांगितलं."

चौकशीतही तेच ठरलं. नियम मोडून, एकटा, परत आत गेला.

माझा मुलगा रेशनच्या रांगेतसुद्धा पुढे घुसला नव्हता. पण सांगणारा सुनील होता. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? मी ठेवला. अनुपमची पेटी घरी आली, उघडू नका म्हणाले, मी उघडली नाही. पेटीला खांदा सुनीलनं दिला.

पुढे त्यानं दल सोडलं. त्या जहाजाचं काम बघणाऱ्या मंडळींचं खालापूरला मोठं गोदाम आहे, तिथे सुरक्षा अधिकारी म्हणून लागला. मला बरंच वाटलं. निदान हा तरी आगीपासून लांब राहील. वाचनालयाचं कळल्यावर त्यानंच त्या गोदामाच्या आवारातला एक कंटेनर मिळवून दिला. स्वतः उभा राहून निळा रंग दिला.

"बाई, एक सांगू?" पाटीवर काय लिहायचं ते ठरवताना तो म्हणाला होता. "'कर्तव्य बजावताना' असं नको. कागदोपत्री तसं नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुम्हालाच वाईट वाटेल. नुसतं नाव लिहू."

मी हो म्हटलं. पण मला दुसरं काही नकोच होतं. तेवढे दोनच शब्द हवे होते.

गोधडीनंतर भागूबाईनं नेसूची लुगडी आणली, मग शेजारणींनी आपापली धुणी. उत्तरेच्या भिंतीला रांगेनं कपडे. मी मात्र मास्तरीण. शाळेतला जुना तापमापक माझ्याकडे होता, तो घेऊन गेले. पूर्वेची भिंत गार. दक्षिणेची गार. उत्तरेची, छातीच्या उंचीवर, अंगात ताप असलेल्या माणसाइतकी गरम. हातभर बाजूला सरकलं की पुन्हा गार.

वीज उतरत असेल, म्हणून पोशाला बोलावलं. तो वाडीतली वायरिंगची कामं करतो. त्यानं टेस्टर लावला, डब्याभोवती फिरला आणि मला म्हणाला, "बाई, करंट यायला वायर तरी पायजे ना! अजून एक पन टाकलेली नाय मी."

मागे शेणखत कुजत असेल म्हणून बघितलं. मागे नुसता चिखल आणि टाकळा होता. मग कुलूप काढून आत गेले. आतून तीच भिंत, तीच जागा, हात लावला. विहिरीच्या दगडासारखी थंड.

बाहेरून गरम आणि आतून थंड. असं उत्तर परीक्षेत लिहिणाऱ्याला मी भोपळा दिला असता.

नागपंचमीच्या सुमारास भागूबाईनं कपडे वाळत घालायचं बंद केलं. मी विचारलं तर ती भांडी घासत राहिली. मग राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "रंगाला फोड आलेत. बघितले नाय का तुमी?"

मी बघितले. सुनीलनं दिलेला निळा रंग एका जागी फुगला होता. चार लहान फोड, एका रांगेत, हरभऱ्याएवढे. मी त्यांच्यापाशी बोट नेलं आणि मागे घेतलं. मग का कोण जाणे, हात उलटा केला आणि पेरं त्या फोडांवर टेकवली. माझा हात लहान आहे. त्या पेरांमधलं अंतर माझ्याहून मोठ्या हाताचं होतं.

"पलीकडून कोन तरी हात लावून बघतंय," भागूबाई म्हणाली.

"पलीकडे काही नाही गं. मी आत जाऊन आले."

"तुमी जिकडनं गेल्या तिकडं नसंल."

मी तिला रागावले. घरी आले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाटी तयार झाली तेव्हा सुनील ती घेऊन स्वतः आला. भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत. पाऊस थांबला होता, पण आभाळ भरलेलं. तो थोडा जाड झाला होता. इस्त्रीचा सदरा, खिशावर कंपनीचं नाव. मला वाकून नमस्कार केला, भागूबाईची चौकशी केली, तिनं केलेला चहा घेतला.

"काय रं सुनील, म्होटा सायब झालास," ती म्हणाली. "आमाला वळख तरी हाय ना?"

"तुझ्या हातचा चहा प्यायला तर येतो, मावशे."

सगळं नेहमीसारखं होतं. त्यानं पाटी दाराजवळ टेकवून ठेवली. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

"सुनील," मी म्हटलं, "जरा ह्या भिंतीला हात लावून बघ. गरम लागते."

"उन्हानं असेल, बाई."

"उत्तरेला?"

तो हसत हसत आला. भिंतीपाशी पोचला तसा त्याचा हात आपोआप उलटा झाला. त्यानं पेरं टेकवली.

हसणं थांबलं.

फोड त्यानं नंतर बघितले. मग स्वतःचा हात बघितला.

आतून ठोका पडला.

मग दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती त्यात. पत्र्यावर थांबलेले पावसाचे थेंब खाली ओघळले.

"आत कोन हाय?" भागूबाई ओरडली. तिच्या हातातली बशी खाली पडली होती. "बाई, कुलूप लावून आत कुनाला ठेवलंय?"

पुन्हा तीन.

सुनील भिंतीकडे बघत होता. घाबरलेला माणूस मागे सरकतो. तो सरकला नाही. कान देऊन ऐकल्यासारखं त्यानं डोकं जरा कलतं केलं आणि हळूच, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला,

"त्या दिवशी एवढे मोठे नव्हते."

आपण काय बोललो ते त्याला कळायला थोडा वेळ लागला. वर्गात चुकीचं उत्तर देऊन बसलेल्या पोराच्या चेहऱ्यावर कळतं ना, तसं ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं.

"बाई…"

"तू म्हणाला होतास, आतून आवाज नव्हता."

"बाई, जहाज धक्क्यालाच होतं. शेजारी दुसरं लागलेलं. वरून सारखे फोन. साहेब म्हनले, सगळे वर आले ना? मला बोलायचं होतं…" त्याची शुद्ध भाषा सुटत चालली होती. आठवीत आला तेव्हा बोलायचा तसा बोलायला लागला. "झाकन मी नाय लावलं, बाई. देवाशपथ, मी हात नाय लावला. मी फक्त बोललो नाय."

"आणि बिल्ला?"

त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

तीन ठोके.

मी कमरेची किल्ली काढली. तो धावत दाराशी आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. माझ्या घरात जेवून वाढलेला तो हात होता. "नका उघडू. आत हवा गेली की भडकतं. बाई, तुमाला म्हाईत नाय, नका उघडू!"

"सोड."

त्यानं सोडलं. मी कुलूप काढलं आणि दोन्ही दारं ओढून उघडली.

आत काही नव्हतं. रिकामी फळकुटं, कोऱ्या पुस्तकांचे गठ्ठे, सतरंजी. गारवा. फक्त एक वास होता, खाऱ्या पाण्याचा आणि जळक्या रंगाचा. पळसदरीला समुद्र नाही.

मी वळले तेव्हा सुनीलची गाडी रस्त्याला लागली होती. पाटी पालथी पडली होती.

त्यानंतर ती भिंत गार पडली, ती आजतागायत. "डब्याचा गुन गेला," असं भागूबाई म्हणते, पण त्यात तक्रार नसते. चार फोड तेवढे आहेत. त्यांच्यावर रंग द्यायचा नाही असं मी पोशाला बजावलंय. डब्याची दारं मी लावत नाही. भिजतील ती पुस्तकं भिजू देत. पाटी पुन्हा रंगवून घेतली. त्यावर आता ते दोन शब्द आहेत.

चौकशी करणाऱ्यांकडे जाऊन तू काय ते सांग, एवढंच मला सुनीलला म्हणायचं होतं. रोज फोन करत होते. वाजून वाजून थांबायचा. आपल्याच माणसानं फोन उचलला नाही की घंटीचा आवाज वेगळा येतो. तो आवाज आतून ऐकणारं कुणीतरी आहे, हे कळतं.

मग गणपतीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी मी दूर्वा निवडत असताना, तिकडून फोन आला. सुनीलची बायको, छाया. तिला मी लग्नात पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. हळदीचं बोट लागलेला गाल तसाच ठेवून माझ्या पाया पडली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या आवाजावरून ते कळत होतं.

"बाई, ह्यांना बरं नाही. कामावर जात नाहीत, मुलाशी बोलत नाहीत. फोन बघतात नि पालथा ठेवतात. म्हणून म्हटलं मीच करावा." ती थोडी थांबली. "आणि तुम्ही विज्ञान शिकवायचात ना, म्हणून एक विचारायचं होतं. हसू नका हं. आमच्या घराला ते लोखंडी दार आहे ना, सेफ्टीचं. सावलीत आहे बघा, जिन्यात. तर ते आतल्या बाजूनं गरम लागतं. नवीन रंग दिला, तर एका जागी फोड आले. पेंटरनं घासून पुन्हा दिला, पुन्हा तिथंच."

"किती फोड?" मी विचारलं.

"चार असतील. का हो?"

दूर्वांची जुडी माझ्या हातात होती. मला तिला सांगता आलं असतं. निदान मुलाला घेऊन माहेरी जा, एवढं तरी. मी फक्त ऐकत होते.

"थांबा हं, बाई. कुणीतरी आलंय वाटतं, दार वाजतंय." मग फोनपासून लांब, "अहो, उघडा की. अहो!"

बराच वेळ गेला. मग ती परत आली. आवाज बदललेला.

"बाई, हे दाराला पाठ लावून बसलेत. उघडू देत नाहीत कुणाला. आणि मुठीत काय धरलंय ते… सोडवलं मी जबरदस्तीनं, तर कसलासा पितळी बिल्ला आहे. मागं मासा काढलाय."

मागून ठोके येत होते. मलाही स्पष्ट ऐकू येत होते. एक, दोन, तीन. घाई नव्हती त्यांत.

जहाजावरच्या त्या दिवसापेक्षा ते मोठे होते की नाही, हे मला कसं कळणार? ते एकट्या सुनीलला माहीत.